निळ्या लिफाफ्याची भाषा

नेदरलँड्समध्ये डच भाषेचा एक शब्दही न शिकता किती काळ राहता येतं, या प्रश्नाचं खरं उत्तर ‘जन्मभर’ असं आहे. स्किपोल विमानतळावरच्या पिवळ्या पाट्या इंग्रजीत. तिकिटाचं यंत्र एक बटण दाबलं की इंग्रजी. टॅक्सीवाला, फुलवाली, संग्रहालयाचा पहारेकरी, सायकली भाड्याने देणारा पोरगा, सगळे आपला चेहरा बघूनच इंग्रजी सुरू करतात. ॲम्स्टरडॅममध्ये तर प्रकरण याच्याही पुढे गेलं आहे. कालव्याकाठच्या एका कॅफेत शेजारच्या टेबलावर एक डच आजोबा येऊन बसले आणि त्यांनी आपल्या भाषेत काहीतरी मागितलं. वाढणारी मुलगी स्पेनची किंवा इटलीची असावी. तिने गोड हसून ‘इंग्लिश, प्लीज?’ असं विचारलं. आजोबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि सफरचंदाचा केक मुकाट्याने इंग्रजीत मागवला. आपल्याच शहरात परक्या भाषेत केक मागावा लागतो, ही तक्रार इथल्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून झडत असते. पण कॉफी गार होईस्तोवर वाद घालत बसणं काही डच स्वभावात नाही.

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांत इंग्रजी कोणाची सर्वांत चांगली, याची एक यादी दरवर्षी निघते आणि तिच्यात नेदरलँड्स गेली अनेक वर्षं पहिल्या क्रमांकावर आहे. यादी काढणारी कंपनी इंग्रजी शिकवण्याचाच धंदा करते आणि परीक्षा देणारे आपण होऊन पुढे येतात, तेव्हा ती थोड्या मिठानिशीच घ्यावी. पण रस्त्यावर उतरलं की यादीत तथ्य आहे हे पटतं. सत्तरीची बाई तुम्हाला ट्रामचा रस्ता सांगते, तीही भूतकाळ-भविष्यकाळ न चुकवता.

याचं कारण शाळा आहे असं आपल्याला वाटतं. शाळेचा वाटा आहेच: १९८६ पासून प्राथमिक शाळेत इंग्रजी सक्तीची आहे. पण ती बहुतेक ठिकाणी शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे मूल दहा-अकरा वर्षांचं झाल्यावर शिकवली जाते, आणि आठवड्याचे तास मोजकेच. खरी शाळा दिवाणखान्यात भरते. एका संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावला तर अमेरिकन पोलीस आपल्या मूळ आवाजात ओरडत होते आणि खाली डच अक्षरं पळत होती. शेजारच्या जर्मनीत हेच पोलीस अस्खलित जर्मन बोलतात. दोन कोटींच्या आतल्या देशाला प्रत्येक मालिकेत नवे आवाज भरणं परवडत नाही, म्हणून इथे फक्त लहान मुलांचे कार्यक्रम डचमध्ये बोलतात. वाचता यायला लागलं की पोर अक्षरांच्या शिडीने थेट इंग्रजीत चढतं. त्यात दोन्ही भाषा एकाच जर्मानिक घराण्यातल्या, आणि देश व्यापाऱ्यांचा. रॉटरडॅमच्या बंदरात कोळशाची इंग्लिश जहाजं लागायची तेव्हा गोदी कामगार त्यांच्याशी जी मोडकीतोडकी इंग्रजी बोलत, तिला आजही ‘दगडी कोळशाची इंग्रजी’ म्हणतात. हल्ली हे नाव भाषण करताना अडखळणाऱ्या मंत्र्यांसाठी वापरतात.

लायडनला गेलो तो विद्यापीठासाठी. स्पॅनिश वेढा सोसून शहर तगलं, त्याची बक्षिसी म्हणून विल्यम ऑफ ऑरेंजने १५७५ मध्ये इथे विद्यापीठ दिलं. गावात फिरताना भिंतींवर कविता दिसतात, शंभराहून जास्त, प्रत्येक आपापल्या भाषेत आणि लिपीत. १९९२ मध्ये सुरुवात झाली ती मरीना त्स्वेतायेवाच्या रशियन कवितेने. शहर इतक्या भाषा भिंतीवर मिरवतं, पण विद्यापीठाची भाषा मात्र पहिल्या दिवसापासून एकच होती: लॅटिन. डच ही शेतकऱ्यांची आणि खलाशांची बोली, ती व्याख्यानात कशी चालणार? हे वाक्य आपल्याकडे कुठल्या भाषेबद्दल ऐकलं आहे, ते वाचकांना सांगायला नको.

पण त्याच लायडनमध्ये १६०० साली सिमोन स्टेव्हिन या गणितज्ञाने, राजपुत्र मॉरिसच्या सांगण्यावरून, अभियंत्यांसाठी वेगळी शाळा काढली आणि तिथे शिकवायची भाषा ठेवली डच. कारण अगदी रोकडं होतं. किल्ले बांधणाऱ्या, जमीन मोजणाऱ्या माणसांना लॅटिन येत नव्हतं आणि युद्ध चालू होतं. लॅटिन शिकवून मग तटबंदी शिकवायला वेळ कुणाला होता? स्टेव्हिनने गणिताच्या कितीतरी संकल्पनांना डच शब्द दिले आणि त्यांतले पुष्कळ आजही शाळकरी पोरांच्या तोंडी आहेत.

म्हणजे विद्यापीठात डच की इंग्रजी, हे आजचं भांडण तिथे नवं नाही, प्रतिस्पर्धी बदलला आहे एवढंच. १९९० मध्ये शिक्षणमंत्री यो रित्सन यांनी विद्यापीठांची मुख्य भाषा इंग्रजी करावी असं सुचवलं, तेव्हा संसदेत आणि बाहेर असा गदारोळ उठला की उलट उच्चशिक्षणाच्या कायद्यातच ‘शिक्षण डचमध्ये’ हे कलम आलं. कलम आलं, तशा त्याला पळवाटाही आल्या, आणि पुढच्या तीस वर्षांत विद्यापीठांनी पळवाटांचा हमरस्ता केला. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतेक इंग्रजीत गेले. परदेशी विद्यार्थी सव्वा लाखाच्या आसपास पोचले. कारण विचारलं तर कुलगुरू जागतिक नागरिकत्वावर बोलतात; पण सरकारी पैसा विद्यार्थ्यांच्या डोक्यावर मिळतो आणि देशातली पोरं कमी होत चालली आहेत, हे त्यामागचं गणित आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची कला काही आपलीच नाही. २०२३ मध्ये शिक्षणमंत्री रॉबर्ट डाइकग्राफ यांनी हे सगळं आवरण्यासाठी विधेयक आणायचं ठरवलं. हे गृहस्थ भौतिकशास्त्रज्ञ. मंत्री होण्याआधी दहा वर्षं अमेरिकेत प्रिन्स्टनच्या प्रगत अभ्यास संस्थेचे संचालक होते. इंग्रजीत इतकी वर्षं घालवलेल्या माणसाने डचसाठी कायदा आणावा, याची तिथे चेष्टाही झाली. मला मात्र ते स्वाभाविक वाटलं. इंग्रजीचा बाऊ नसलेला माणूसच तिला आवर घालायची भाषा शांतपणे करू शकतो.

आइंटहोव्हनला भाचीकडे उतरलो. एके काळी हे फिलिप्सचं गाव. १८९१ मध्ये इथे बल्ब बनू लागले आणि गावाचं शहर झालं. आता ते चिपचं गाव आहे. शेजारच्या फेल्टहोव्हनमध्ये एएसएमएल कंपनी चिप छापायची महाकाय यंत्रं बनवते आणि तिथे शंभराहून अधिक देशांची माणसं कामाला आहेत. कंपनीने विस्तारासाठी परदेशाकडे बघू नये म्हणून २०२४ मध्ये सरकारने या भागातली घरं, रस्ते, शिक्षण यांसाठी अडीचशे कोटी युरो जाहीर केले. इकडे विद्यापीठात इंग्रजी कमी करा म्हणणारं सरकार आणि तिकडे इंग्रजीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी तिजोरी उघडणारं सरकार एकच. भाचीचा नवरा इथेच एका कंपनीत आहे. त्याच्या विभागातला साहेब डच, पण मीटिंग इंग्रजीत, ईमेल इंग्रजीत, वाढदिवसाचं गाणंही इंग्रजीत. आमच्या जावईबापूंना आठ वर्षांत डचची गरज पडलेली नाही. भाचीला पडली, कारण घर ती बघते.

सकाळी तिच्याबरोबर बेकरीत गेलो. रांगेत उभं राहून ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. नंबर आल्यावर तिने अर्धा गव्हाचा पाव, कापून, असं सगळं शुद्ध डचमध्ये मागितलं. बेकरीवाल्या बाईने पाव यंत्रात सरकवला आणि प्रेमाने विचारलं, ‘एनिथिंग एल्स?’

‘बघितलंस मामा? दर वेळी हेच,’ ती बाहेर आल्यावर म्हणाली. ‘शिकू म्हटलं तरी शिकू देत नाहीत.’

हे डच सौजन्य आहे आणि त्यात कुठेही कुचकेपणा नाही. समोरचा अडखळतोय, रांग खोळंबली आहे, मला याची भाषा येते, मग त्याला कशाला त्रास? पण या सौजन्याचा हिशेब भाचीच्या घराच्या दारात कळला. दुपारी दाराच्या फटीतून एक निळा लिफाफा आत पडला. करखात्याची पत्रं या देशात निळ्या लिफाफ्यातून येतात आणि तो बघून अस्सल डच माणसाच्याही पोटात गोळा येतो. आतलं पत्र डचमध्ये. हरकत घ्यायची तर सहा आठवड्यांची मुदत, हेही डचमध्ये. भाचीने टेबलावर पत्र पसरलं, मोबाईलने फोटो काढला, भाषांतर वाचलं, मान हलवली आणि पलीकडच्या घरातल्या निवृत्त मास्तरांकडे गेली. ते गृहस्थ अख्ख्या गल्लीतल्या परदेशी लोकांचे बिनपगारी कारकून आहेत. नगरपालिकेचं पत्र डच, शाळेचं सूचनापत्र डच, घरमालकांच्या संघटनेचं इतिवृत्त डच. ज्या ज्या कागदावर सही केली की काहीतरी अंगाशी येऊ शकतं, तो कागद डच.

तेव्हा मला या देशातली इंग्रजी नीट दिसली. पाहुण्याला बसायला ओसरी मोठी प्रशस्त आहे, चहापाणी तिथेच मिळतं, आणि बरेच पाहुणे त्याच ओसरीवर संसार थाटून वर्षानुवर्षं राहतात. भाची सांगत होती, गल्लीतले लोक महिन्यातून एकदा संध्याकाळी जमतात. ती गेली की सगळे तिच्यासाठी इंग्रजी बोलतात. पाच मिनिटांनी कोणीतरी एक विनोद डचमध्ये करतो, दुसरा त्यावर बोलतो, आणि मग सगळे तिकडे वाहत जातात. कोणी मुद्दाम करत नाही. ती हातात पेला धरून हसऱ्या चेहऱ्याने उभी राहते. जावईबापू जातच नाहीत.

त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला यातलं काही माहीत नाही. तो गल्लीतल्या शाळेत जातो, आईशी मराठी बोलतो, खेळताना डच, आणि बापाची डच ऐकून खो खो हसतो. उच्चकौशल्याच्या व्हिसावर आलेल्यांना भाषापरीक्षा सक्तीची नाही, पण कायमचा परवाना किंवा नागरिकत्व हवं असेल तर ती द्यावीच लागते. आता जावईबापूही अभ्यासाला बसले आहेत आणि मुलगा त्यांची उजळणी घेतो. पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसाला इथे नगरपालिकेसाठी मतदान करता येतं. त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांची इंग्रजी पत्रकंही दारात पडतात. मत मागताना इंग्रजी, कर मागताना डच, असा हा व्यवहार.

ॲम्स्टरडॅममध्ये १ जानेवारी २०१९ पासून एक व्यापारी न्यायालय चालतं. तिथे युक्तिवाद इंग्रजीत, निकालही इंग्रजीत. पण त्यासाठी दोन्ही पक्षांनी तसं लेखी कबूल करावं लागतं आणि कोर्ट फी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पडते. इंग्रजी हवी? मिळेल, पैसे मोजा. हे वाचलं तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाची आठवण झाली. तिथे घटनेच्या ३४८व्या कलमानुसार इंग्रजी ही नेहमीची भाषा. तालुक्याच्या कोर्टात आपली केस आपल्याला कळते; वर गेली की ती वकिलाची होते. जगात डच बोलणारे अडीच कोटींच्या आसपास आहेत. मराठी मातृभाषा असलेले २०११ च्या जनगणनेतच ८ कोटींवर होते. डच माणूस इंग्रजी इतक्या बिनधास्त बोलतो, कारण भाग-गुणाकारापासून कोर्टाच्या निकालापर्यंत त्याचं काहीही इंग्रजीवाचून अडलेलं नसतं. तिथला वाद वरच्या मजल्याचा आहे, विद्यापीठाचा. आपण सेमी-इंग्रजीच्या नावाखाली पायाच विकायला काढला आहे, आणि वर त्यालाच प्रगती म्हणतो. असो, प्रवासवर्णनात एवढं पुरे.

हेगमध्ये एका ठिकाणी इंग्रजीचं नाणं चाललं नाही, आणि ते ठिकाण आपल्यासारख्या चेहऱ्यांचंच निघालं. होब्बेमाप्लाइन चौकात गांधीजींचा पुतळा आहे. तिथून चालत गेलं की मोठा बाजार आणि सुरीनामी हिंदुस्थानी लोकांची वस्ती. यांचे पूर्वज १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ या जहाजातून दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत मजूर म्हणून गेले. १९१६ पर्यंत चौतीस हजारांवर लोक असे नेले गेले. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाला आणि त्याच्या आगेमागे हजारो लोक नेदरलँड्सला आले. मी एका दुकानात शिरलो. गल्ल्यावर साठीच्या बाई, कपाळावर टिकली. मी सवयीने इंग्रजीत विचारलं, तर त्यांनी आत बघून मुलाला हाक मारली. मग मी हिंदी काढली. त्या खुलल्या, पण उत्तर आलं ते सरनामीत, त्यांच्या भोजपुरीच्या वळणाच्या आणि डच शब्दांनी भरलेल्या बोलीत. निम्मं मला कळलं, माझं निम्मं त्यांना. समोर आली ती चण्याच्या डाळीचं पुरण भरलेली मऊ रोटी, मसाल्याचं चिकन, बटाटा, हातभर लांब चवळीच्या शेंगांची भाजी आणि एक उकडलेलं अंडं. बाईंच्या आयुष्यात बाहेरची भाषा डच आणि आतली सरनामी. इंग्रजीला मध्ये कुठे जागाच झाली नव्हती. मुलाला मात्र तिन्ही भाषा कळत होत्या आणि तो आईच्या सरनामीला हसत होता. ‘मला कळते, पण मी उत्तर डचमध्येच देतो,’ तो इंग्रजीत म्हणाला. दीडशे वर्षं, दोन स्थलांतरं टिकलेली भाषा इंग्रजीने मारली नाही; ती डचच्या हातून झिजते आहे.

म्हणूनच डचखाली दबलेली आणखी एक भाषा बघायला शेवटी उत्तरेला फ्रिसलँडला जायचं ठरवलं. झ्वोलेला गाडी बदलली की तासाभरात लेवार्डन येतं. पाट्यांवर त्याचं दुसरं नावही असतं, ल्यौवर्ट. साडेसहा लाखांच्या आसपास वस्तीचा प्रांत, त्यातले निम्म्याहून अधिक लोक फ्रिजियन बोलू शकतात. गंमत अशी की युरोपच्या मुख्य भूमीवर इंग्रजीची सर्वांत जवळची नातलग हीच. एक बहीण जग जिंकून आली आणि दुसरी घरी गाई राखत राहिली. तिच्या वाट्याला दोन सासवा आल्या, आधी डच आणि आता इंग्रजी.

गावात न्यायालयाची खांबांची भव्य इमारत आहे. तिच्यासमोरच्या चौकात १६ नोव्हेंबर १९५१ ला, शुक्रवारी, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि पाण्याचे फवारे सोडले. त्याआधी कोर्टात फ्रिजियनमध्ये बोलू पाहणाऱ्यांना न्यायाधीशांनी बोलू दिलं नव्हतं. फेडे शूरर या संपादकाने त्यावर जहाल अग्रलेख लिहिला, त्याच्यावर अवमानाचा खटला भरला गेला आणि सुनावणीच्या दिवशी लोक जमले. तो दिवस आजही ‘लाठी शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. हेगमध्ये बसलेल्या सरकारला जाग आली आणि १९५६ मध्ये कोर्टात फ्रिजियन वापरायचा हक्क कायद्याने मिळाला. त्याच १९५६ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या आसपास काय चाललं होतं, हे मराठी माणसाला आठवल्यावाचून राहत नाही. आज त्या चौकात संग्रहालय आहे, कॅफे आहेत आणि शनिवारी गर्दी असते. मी कॉफी मागितली. अर्थातच उत्तर इंग्रजीत आलं.

परतीच्या गाडीत समोर एक शिक्षिका बसल्या होत्या. फ्रिसलँडमध्ये १९९७ पासून काही प्राथमिक शाळा तीन भाषांतून शिकवतात, त्यांपैकी एका शाळेतल्या. खालच्या वर्गांत निम्मा वेळ फ्रिजियन आणि निम्मा डच. शेवटच्या दोन वर्षांत इंग्रजी येते, तीही नुसता विषय म्हणून नाही. भूगोल किंवा हस्तकलेसारखा तास त्या भाषेत घेतात. पाचवा हिस्सा इंग्रजीला आणि उरलेला दोघींत सारखा वाटलेला. पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा निर्णय महाराष्ट्रात २०२५ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘तिसरी कोणती, इंग्रजी?’ इंग्रजी तर आधीच आहे, तिसरी हिंदी, असं म्हटल्यावर त्या जरा गोंधळल्या. मग भारताचा नकाशा बोटाने खिडकीच्या काचेवर काढून झाला.

तीन भाषांचं ओझं मुलांना होतं का, असं मी विचारलं. मुलांना नाही, आम्हाला होतं, त्या म्हणाल्या. फ्रिजियनमधून गणित शिकवू शकेल असा माणूस शोधायचा म्हणजे वर्ष जातं. पुस्तकं कमी, तीही बऱ्याचदा शिक्षकांनीच लिहायची, रात्री बसून. आणि इंग्रजीचं? त्यांनी पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून मांडीवर ठेवला आणि तपासायला सुरुवात केली. ‘ती मुलं येतानाच घेऊन येतात,’ त्या लाल पेनाचं टोपण दातांनी काढत म्हणाल्या, ‘फोनमधून. आम्ही फक्त स्पेलिंग दुरुस्त करतो.’